ओंटारिओतील शरियत-लवादाचा वाद, 2003 ते 2007 : एक प्रकरण अभ्यास

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 2003 च्या अखेरीस सय्यद मुमताज अली या निवृत्त वकिलांनी ‘इस्लामिक इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल जस्टिस’ या संस्थेची घोषणा केली. पोटगी, मालमत्तेची वाटणी, वारसा यांसारखे मुस्लिम कुटुंबांतील तंटे या संस्थेने नेमलेल्या लवादापुढे यावेत, त्यांचा निवाडा इस्लामी कायद्याप्रमाणे व्हावा आणि तो निवाडा प्रांताच्या न्यायालयांमार्फत बजावला जावा, अशी ही योजना होती. जगभरच्या बातम्यांत ती ‘कॅनडात शरियत न्यायालये’ अशा मथळ्यांनी पोहोचली. पुढची साडेतीन वर्षे प्रांताचे सरकार, मुस्लिम संघटना, स्त्री-संघटना, ज्यू धर्मसंस्था, वकील आणि शेजारच्या क्वेबेकचे आमदार या वादात ओढले गेले, आणि शेवटी ओंटारिओने आपला लवाद कायदाच बदलला.

पाश्चात्त्य देशांतील मुस्लिम आणि धार्मिक कायदा या विषयावर अनेकदा घोषणांच्या भाषेतच बोलले जाते. त्यामुळे एखादे प्रकरण कागदपत्रांच्या आधारे पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासणे आवश्यक ठरते, आणि त्यासाठी ओंटारिओइतके उपयुक्त प्रकरण मला दुसरे दिसत नाही. कोणाचा धर्म श्रेष्ठ किंवा मागास, हा तिथला प्रश्न नव्हता. खाजगी माणसाने दिलेल्या निवाड्यामागे सरकारने आपले बळ कोणत्या अटींवर उभे करावे, हा प्रश्न होता. माझ्या मते ओंटारिओने त्याचे उत्तर योग्य दिले. परंतु ते उत्तर त्या काळात गाजलेल्या घोषणेत सापडत नाही, नव्या कायद्याच्या नीरस वाटणाऱ्या कलमांत सापडते.

1991 चा कायदा आणि त्यातील मोकळीक

मुमताज अली यांनी सरकारकडे नवी सवलत मागितली नव्हती. ती आधीच कायद्यात होती. ओंटारिओने 1991 मध्ये नवा लवाद कायदा केला, तो मुख्यतः व्यापारी तंट्यांसाठी. न्यायालयांवरचा भार कमी व्हावा, पक्षकारांना आपल्या विश्वासातला जाणकार पंच नेमता यावा, तंटा लवकर आणि कमी खर्चात मिटावा, हा त्यामागचा हेतू होता. लवादाने कोणते नियम लावायचे हे पक्षकारांनी ठरवावे, अशीही तरतूद त्यात होती. दोन व्यापाऱ्यांनी आपला करार दुसऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे तोलायचे ठरवले तर लवादाने तसे करावे, इतका त्याचा साधा अर्थ. मात्र कौटुंबिक तंटे या कायद्यातून वगळलेले नव्हते आणि ‘नियम’ या शब्दातून धर्मशास्त्रही वगळलेले नव्हते. त्यामुळे पती-पत्नींनी मान्य केल्यास त्यांच्या विभक्त होण्याचे आर्थिक परिणाम धर्मशास्त्राप्रमाणे ठरवता येत होते, आणि तो निवाडा न्यायालयात नेऊन एखाद्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येत होता.

या सोयीचा वापर आधीपासून होतच होता. टोरोंटोतील ज्यू समाजाचे ‘बेथ दिन’ हे धार्मिक न्यायमंडळ अनेक वर्षे असे तंटे हाताळत होते. इस्माइली समाजाची स्वतःची समेट आणि लवाद मंडळे होती आणि काही मशिदींतही लहान प्रमाणात मध्यस्थी चाले. त्याविषयी प्रांतात फारशी चर्चा झाली नव्हती. मुमताज अलींची संस्था पुढे आली तेव्हा मात्र 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि ‘शरियत’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या डोळ्यांपुढे दगडांनी ठेचण्याची शिक्षा येत होती. लवादाला फौजदारी बाबींत कसलाही अधिकार नव्हता. घटस्फोट देण्याचा अधिकारही नव्हता, कारण कॅनडात विवाह आणि घटस्फोट हे विषय संघराज्याच्या अखत्यारीत आहेत आणि दिवाणी घटस्फोट केवळ न्यायालयच देऊ शकते. हा तपशील चर्चेत फार थोड्यांनी सांगितला.

इथे भारतीय वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे 1937 च्या शरियत अधिनियमामुळे मुस्लिम व्यक्तीला विवाह, वारसा इत्यादी बाबींत मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू होतो आणि तो सरकारी न्यायालयातला न्यायाधीश लावतो. ओंटारिओत कोणत्याही धर्माचा व्यक्तिगत कायदा नव्हता आणि कोणी त्याची निर्मितीही करत नव्हते. तिथे धर्मशास्त्र येणार होते ते दोन व्यक्तींच्या कराराच्या दारातून. उलट भारतात लवादाचे हे दार कौटुंबिक बाबींना बहुतांशी बंद आहे. घटस्फोट, मुलांचा ताबा, पालकत्व यांसारखे विषय लवादाकडे सोपवता येत नाहीत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बूझ अ‍ॅलन प्रकरणात नमूद केले. 2014 मध्ये त्याच न्यायालयाने दारुल कझा, म्हणजे मुस्लिमांची खाजगी धार्मिक न्यायमंडळे, आणि फतवे यांना कायद्याचे बंधन नसल्याचे सांगितले, मात्र अशा संस्था अस्तित्वात असणेच बेकायदा आहे असे म्हटले नाही. ओंटारिओ शेवटी ज्या जागी पोहोचले ती जागा या भूमिकेपासून फार दूर नाही.

निवाड्यात फरक किती पडला असता

वाद समजून घ्यायचा तर एका काल्पनिक जोडप्याचा विचार करावा. लग्नाला वीस वर्षे झाली आहेत. पत्नीने घर आणि मुले सांभाळली, पतीने नोकरी करून स्वतःच्या नावावर घर आणि बचत उभी केली. ओंटारिओच्या कुटुंब कायद्याप्रमाणे लग्नाच्या काळात दोघांच्या मालमत्तेत झालेली वाढ मोजली जाते आणि ती समसमान व्हावी अशा हिशेबाने ज्याच्याकडे जास्त आहे त्याने दुसऱ्याला रक्कम द्यायची असते. शिवाय दीर्घकाळच्या संसारानंतर पोटगी कित्येक वर्षे, प्रसंगी मुदतीविना चालू शकते. परंपरागत फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, मात्र पती आणि पत्नी यांची मालमत्ता वेगळी मानते. जे ज्याचे ते त्याचे राहते. पत्नीला ठरलेला मेहेर, म्हणजे लग्नाच्या वेळी पतीने कबूल केलेली रक्कम, मिळतो आणि इद्दतीच्या काळातली, म्हणजे साधारण तीन महिन्यांची, पोटगी मिळते. वारशात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. मुलांच्या बाबतीत ठरावीक वयानंतर पित्याचा अधिकार अनेक विचारशाखा मान्य करतात, तर ओंटारिओच्या न्यायालयासाठी मुलाचे हित हा एकमेव निकष आहे.

न्याय्य लेखन करायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. फिकह एक नाही. हनफी, मालिकी, शाफई, हंबली आणि जाफरी शाखांत या प्रश्नांची उत्तरे भिन्न आहेत, आणि पत्नीच्या श्रमाला मोबदला देणारे किंवा तिच्या मालमत्तेवर पतीचा कोणताही हक्क न मानणारे अर्थही याच परंपरेतून निघतात. एखादा उदार पंच स्त्रीच्या हिताचा निवाडा देऊ शकला असता. पण कोणती शाखा, कोणता अर्थ आणि कोणता पंच, हे जिथे आधी सांगता येत नाही तिथे पत्नी नेमकी कशाला संमती देते आहे? संमतीपत्रावर सही करताना तिला निकालाचा अंदाज नसेल तर ती संमती पोकळ राहते. विरोधकांच्या सर्व युक्तिवादांत मला हा सर्वांत भक्कम वाटतो, आणि तो प्रामुख्याने मुस्लिम स्त्रियांनीच मांडला.

विरोध कोणी केला

मुमताज अली यांची भूमिका धार्मिक कर्तव्याची होती. आपल्या धर्माप्रमाणे तंटा मिटवण्याची सोय देशाचा कायदा देत असेल तर धर्मनिष्ठ मुस्लिमाने ती टाळू नये, असे ते मांडत. यात ऐच्छिक सोयीचे रूपांतर धर्मनिष्ठेच्या कसोटीत होत होते. जी स्त्री लवाद नाकारील ती केवळ एक कायदेशीर पर्याय नाकारणार नव्हती. मशिदीतल्या ओळखीच्या लोकांपुढे, सासरच्या आणि माहेरच्या माणसांपुढे ती आपली श्रद्धाच पणाला लावणार होती. नव्याने आलेली, इंग्रजी न येणारी, पतीच्या अर्जावर देशात राहण्याचा परवाना अवलंबून असलेली पत्नी अशा वेळी किती मोकळेपणाने नाही म्हणू शकेल? जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यामागचा अनुभव ज्यांना माहीत आहे त्यांना समाजाच्या मान्यतेचे हे ओझे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तिथे आणि इथे परिस्थिती एक नाही, पण ‘तिने स्वतःहून मान्य केले’ या वाक्याकडे दोन्हीकडे सारख्याच सावधपणे पाहावे लागते.

विरोधाचे नेतृत्व दोन भिन्न प्रवाहांनी केले. इराणमधून 1989 मध्ये पळून आलेल्या होमा अर्जोमंद यांनी धार्मिक लवादाविरुद्ध आंतरराष्ट्रीय मोहीम उभारली. त्यांची भूमिका ठाम धर्मनिरपेक्ष होती आणि सत्ताधारी धर्मकायद्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. दुसरा प्रवाह ‘कॅनेडियन कौन्सिल ऑफ मुस्लिम विमेन’ या 1982 पासून काम करणाऱ्या संघटनेचा. तिच्या सदस्य श्रद्धाळू मुस्लिम स्त्रिया होत्या आणि आलिया होगबेन त्यांच्या वतीने बोलत. आम्ही मुस्लिम आहोत आणि कॅनडाचा कुटुंब कायदा आम्हालाही इतरांइतकाच हवा आहे; समता आणि न्याय ही आमच्या धर्माची मूल्ये असल्याने या कायद्यात आम्हाला धर्मविरोधी काही दिसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्त्रियांच्या कायदेविषयक राष्ट्रीय संघटना त्यांच्या बरोबर होत्या. ‘मुस्लिम कॅनेडियन काँग्रेस’नेही विरोध केला. दुसरीकडे काही मुस्लिम संघटनांनी पुरेशी बंधने घालून लवाद राहू द्यावा असे म्हटले आणि ‘बनै ब्रिथ’ या ज्यू संघटनेनेही धार्मिक लवादाची बाजू घेतली.

हा वाद ‘मुस्लिम विरुद्ध पाश्चात्त्य’ असा रंगवला गेला ही त्या काळातल्या वार्तांकनाची मोठी उणीव होय. वास्तविक तो मोठ्या प्रमाणात मुस्लिमांमधला वाद होता. 2001 च्या जनगणनेप्रमाणे कॅनडात सुमारे 5 लाख 80 हजार मुस्लिम होते आणि त्यांपैकी साडेतीन लाखांच्या आसपास ओंटारिओत राहत. त्यांत दक्षिण आशिया, इराण, अरब देश, सोमालिया, पूर्व आफ्रिका अशा अनेक मुळांची माणसे होती. त्यांचे एकमत असेल ही अपेक्षाच चूक होती. मराठी वाचकाला 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधानभवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन गेलेल्या सात मुस्लिम स्त्रिया आठवतील. समाजाच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न टोरोंटोतही तितकाच जिवंत होता.

मॅरियन बॉइड यांचा अहवाल

जून 2004 मध्ये प्रांताचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे तिथले कायदामंत्री, मायकेल ब्रायंट आणि स्त्रियांच्या प्रश्नांची जबाबदारी असलेल्या मंत्री सँड्रा प्युपाटेलो यांनी या विषयाचा आढावा घेण्याचे काम मॅरियन बॉइड यांच्याकडे सोपवले. बॉइड 1993 ते 1995 या काळात स्वतः प्रांताच्या अ‍ॅटर्नी जनरल होत्या आणि राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी काम केलेले होते. त्यामुळे त्या बंदीची शिफारस करतील असे अनेकांनी गृहीत धरले. 20 डिसेंबर 2004 रोजी त्यांचा अहवाल आला तेव्हा त्यात 46 शिफारशी होत्या आणि धार्मिक लवाद बंद करावा ही त्यांत नव्हती.

बॉइड यांचा विचार समजून न घेताच त्यांच्यावर टीका झाली, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो. ओंटारिओच्या कायद्याप्रमाणे पती-पत्नींना आपसात करार करून मालमत्तेची समसमान वाटणी नाकारता येतेच. एखादी स्त्री वकिलाचा सल्ला घेऊन स्वतःच्या तोट्याचा करार करू शकते आणि कायदा तिला अडवत नाही. मग धार्मिक कारणाने तिने तसाच निर्णय घेतला तर तिची निर्णयक्षमता अचानक संशयास्पद का ठरवावी? मुस्लिम स्त्रीला इतर स्त्रियांपेक्षा कमी समज असते असे धरून कायदा करणे हाही भेदभावच. बंदी घातली तर धार्मिक निवाडे थांबणार नाहीत, ते कायद्याच्या नजरेआड जातील. त्यापेक्षा ते उजेडात ठेवून त्यांवर नियम घालावेत. म्हणून त्यांनी स्वतंत्र वकिली सल्ला, घरगुती हिंसाचाराची पूर्वतपासणी, धर्मतत्त्वांचे लेखी निवेदन पक्षकारांना आधी देणे, निवाड्याची नोंद आणि पंचांचे प्रशिक्षण अशा अटी सुचवल्या. मुलांच्या हिताविरुद्ध जाणारा निवाडा न्यायालयाने मोडावा, हेही त्यांना अभिप्रेत होते.

अहवालातील ज्या विधानावर सर्वाधिक वाद झाला ते असे, की लवादामुळे स्त्रियांविरुद्ध पद्धतशीर भेदभाव होत असल्याचा पुरावा आढळला नाही. बॉइड यांनी हे प्रामाणिकपणे लिहिले यात मला शंका नाही. परंतु 1991 च्या कायद्याप्रमाणे लवादाचा करार लेखीही असावा लागत नव्हता, पंचाला कसलीही पात्रता लागत नव्हती, निवाड्याची प्रत कुठे दाखल करायची नव्हती आणि पक्षकार अपिलाचा हक्क आगाऊ सोडून देऊ शकत होते. अशा व्यवस्थेत ज्या स्त्रीवर अन्याय झाला ती न्यायालयात पोहोचण्याची शक्यताच कमी, आणि ती पोहोचली नाही तर तिचा मागमूस कोणत्याही दप्तरात उरत नाही. जिथे नोंदच ठेवली जात नाही तिथे पुरावा न सापडण्यावरून फार काही ठरवता येत नाही. बॉइड यांच्या शिफारशी या उणिवेवरच उपाय सुचवत होत्या. पण त्यांचा निष्कर्ष मात्र ती उणीव दूर होण्याआधीचा होता.

आणखी एक कायदेशीर अडचण होती. कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेत स्त्री-पुरुष समतेची ठोस हमी आहे, पण ती सरकारच्या कृतींना लागू होते. दोन खाजगी व्यक्तींनी नेमलेल्या पंचाला ती थेट लागू होत नाही. म्हणजे सरकार आपल्या कायद्यात जो भेदभाव करू शकत नव्हते तो भेदभाव असलेला निवाडा सरकारचीच वसुली यंत्रणा बजावू शकली असती. बॉइड यांचा ‘करारस्वातंत्र्य सर्वांना सारखे’ हा मुद्दा इथे मला अपुरा वाटतो. वाटाघाटीने केलेल्या करारात तडजोड पक्षकारांची असते. लवादात निर्णय तिसऱ्याचा असतो, तो आधी माहीत नसतो आणि धर्माधिकाऱ्याच्या तोंडून आल्यावर त्याला देवाज्ञेचे वजन प्राप्त होते.

निर्णय

2005 साली दबाव वाढत गेला. 26 मे रोजी क्वेबेकच्या विधिमंडळाने, फातिमा हुदा-पेपँ या मुस्लिम आमदारांनी मांडलेला, क्वेबेक आणि कॅनडात इस्लामी न्यायमंडळांना विरोध करणारा ठराव एकमताने संमत केला. क्वेबेकला हे सोपे होते, कारण तिथल्या दिवाणी संहितेत कौटुंबिक बाबी लवादाकडे नेण्यास आधीपासूनच मनाई आहे. जुलैत लंडनमध्ये बाँबस्फोट झाले आणि मुस्लिमांविषयीची चर्चा अधिक तापली. 8 सप्टेंबर रोजी टोरोंटोत आणि कॅनडा-युरोपातील इतर काही शहरांत निदर्शने झाली. तीनच दिवसांनी, रविवार 11 सप्टेंबर 2005 रोजी, ओंटारिओ सरकारचे प्रमुख डाल्टन मॅगिंटी यांनी वृत्तसंस्थेला सांगितले की ओंटारिओत शरियत कायदा असणार नाही, कोणताही धार्मिक लवाद असणार नाही आणि सर्वांसाठी एकच कायदा असेल.

या घोषणेतील एक गोष्ट महत्त्वाची होती. फक्त मुस्लिम लवादावर बंदी घालण्याचा सोपा आणि अन्याय्य मार्ग सरकारने निवडला नाही. बेथ दिनलाही तोच नियम लागू झाला आणि ज्यू संघटना त्यामुळे नाराज झाल्या. आपली अनेक वर्षे सुरळीत चाललेली सोय दुसऱ्यांच्या वादात गेली, ही त्यांची तक्रार मी समजू शकतो; तरीही समान वागणुकीची ही किंमत टाळता येण्याजोगी नव्हती.

त्यानंतरचा कायदा मॅगिंटींच्या घोषणेपेक्षा नेमका आहे. विधेयक नोव्हेंबर 2005 मध्ये मांडले गेले, फेब्रुवारी 2006 मध्ये मंजूर झाले आणि 30 एप्रिल 2007 पासून अमलात आले. त्याप्रमाणे कौटुंबिक लवाद चालू राहिला, पण तो केवळ ओंटारिओच्या किंवा कॅनडातील अन्य प्रांताच्या कायद्याप्रमाणेच झाला पाहिजे. इतर कोणत्याही नियमांनी दिलेल्या निवाड्याला कायदेशीर परिणाम नाही. लवादाचा करार लेखी हवा, तंटा उद्भवल्यानंतरच केलेला हवा आणि प्रत्येक पक्षकाराने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतल्याचे प्रमाणपत्र त्याला जोडलेले हवे. पंचाला प्रशिक्षण सक्तीचे झाले. पक्षकारांत सत्तेची विषमता किंवा हिंसाचार आहे का, याची तपासणी प्रत्येकाला वेगळे भेटून करणे बंधनकारक ठरले. न्यायालयात अपील करण्याचा मार्ग कराराने पुरता बंद करता येईनासा झाला. नोंदी ठेवणे आणि सरकारला माहिती देणे आवश्यक झाले.

यांतील ‘तंटा उद्भवल्यानंतर’ ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. निकाहाच्या वेळी, आनंदाच्या आणि नातेवाइकांच्या गर्दीत, भविष्यातला तंटा अमुक मंडळापुढे नेऊ अशी सही घेतली जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. म्हणजे बॉइड यांच्या सुरक्षाविषयक शिफारशींपैकी बऱ्याच कायद्यात उतरल्या; धर्मशास्त्र लावण्याची परवानगी तेवढी गेली. बॉइड हरल्या आणि अर्जोमंद जिंकल्या असे जे लिहिले गेले ते अर्धेच खरे आहे.

बंदीनंतर काय उरले

धार्मिक मध्यस्थी हा गुन्हा ठरवलेला नाही. इमामाकडे जाऊन सल्ला घेणे, खुला, म्हणजे पत्नीच्या पुढाकाराने होणारा धार्मिक घटस्फोट, मागणे, समेट करणे आजही पूर्णपणे कायदेशीर आहे. विंडसर विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक ज्युली मॅकफर्लेन यांनी कॅनडा आणि अमेरिकेतील घटस्फोटित मुस्लिम स्त्री-पुरुष, इमाम आणि समाजातील कार्यकर्ते यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की बहुतेक माणसे दिवाणी घटस्फोट न्यायालयात घेतात आणि त्याबरोबर धार्मिक घटस्फोटही मागतात, कारण त्याखेरीज आपण देवापुढे आणि कुटुंबापुढे मोकळे झालो असे त्यांना वाटत नाही. समांतर न्यायव्यवस्था हवी, न्यायालयांनी शरियत लावावी, ही मागणी त्यांच्या बोलण्यात जवळजवळ नव्हती. माझ्या मते 2003 ते 2005 च्या संपूर्ण चर्चेत ही माहिती हाती असती तर भीतीही कमी झाली असती आणि मुमताज अलींचा प्रातिनिधिकत्वाचा दावाही वेळीच तपासला गेला असता.

ब्रिटनशी तुलना केल्यास ओंटारिओची एक जमेची बाजू दिसते. फेब्रुवारी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोना सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश आढाव्यात शरिया कौन्सिलांकडे, म्हणजे तिथल्या खाजगी धार्मिक मंडळांकडे, येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया असतात आणि त्या धार्मिक घटस्फोटासाठी येतात, असे नोंदवले आहे. त्यांपैकी अनेकींचा केवळ निकाह झालेला असतो आणि दिवाणी नोंदणी झालेली नसते, त्यामुळे न्यायालयाचा दिलासा त्यांना सहज मिळत नाही. म्हणून दिवाणी विवाह निकाहाच्या आधी किंवा त्याच वेळी व्हावा, ही त्या आढाव्याची प्रमुख शिफारस होती. ओंटारिओत नोंदणीकृत इमामाने परवाना असलेल्या जोडप्याचा निकाह लावला की तोच कायदेशीर विवाह होतो. पत्नी पहिल्या दिवसापासून प्रांताच्या कुटुंब कायद्याच्या छत्राखाली येते आणि तिला कौन्सिलच्या दारात केवळ नाइलाजाने उभे राहावे लागत नाही. धार्मिक विधी आणि दिवाणी नोंदणी एकाच प्रसंगी जोडण्याची ही व्यवस्था एकात्मतेच्या कित्येक भाषणांपेक्षा उपयोगी आहे.

उणीव राहिली ती खर्चाची आणि पोहोचण्याची. स्वतंत्र वकील ही अट कागदावर उत्तम आहे, पण वकिलाचे शुल्क परवडत नाही, सरकारी कायदेशीर मदतीच्या निकषांत बसत नाही आणि न्यायालयाची भाषा समजत नाही, अशी स्त्री कायदा बदलल्यानंतरही मशिदीतल्या मोफत मध्यस्थीकडेच जाते. तिथे झालेली तडजोड लवाद नसल्याने त्यावर 2007 चे नियम लागत नाहीत. बॉइड यांचा ‘नजरेआड जाईल’ हा इशारा इथे काही अंशी खरा ठरला. बंदीच्या समर्थकांनी याचे उत्तर दिले पाहिजे, आणि ते अधिक कडक घोषणांत मिळणारे नाही. उर्दू, सोमाली, फारसी, अरबी बोलणाऱ्या वकिलांच्या विनामूल्य सल्ला-केंद्रांना नियमित निधी देणे हे ते उत्तर आहे.

दरम्यान धार्मिक बंधनांचा विचार न्यायालयांनी दुसऱ्या वाटेने केला. डिसेंबर 2007 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्ट्रियलमधील एका ज्यू पतीला नुकसानभरपाई म्हणून 47,500 डॉलर देण्यास जबाबदार धरले. त्याने 1980 मध्ये घटस्फोटाच्या करारात पत्नीला ‘गेट’, म्हणजे धार्मिक सोडचिठ्ठी, देण्याचे वचन दिले होते आणि पंधरा वर्षे ते पाळले नव्हते. वचन धार्मिक असले तरी करारात लिहिलेले आहे आणि स्त्रीची समता व पुनर्विवाहाचे स्वातंत्र्य त्यात गुंतले आहे, असे न्यायालयाने मानले. मेहेरच्या बाबतीतही असाच प्रवास झाला. 1998 मध्ये ओंटारिओच्या एका न्यायाधीशांनी मेहेर हे धार्मिक कर्तव्य असल्याने आपण त्यात पडणार नाही असे म्हटले होते. पुढील वर्षांत न्यायालये निकाहनामा हा दिवाणी करार म्हणून वाचू लागली आणि 2017 मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने, कराराच्या सामान्य अटी पूर्ण होत असतील तर मेहेरची रक्कम इतर कोणत्याही देण्याप्रमाणे धरून मालमत्तेच्या हिशेबात घ्यावी, अशी भूमिका घेतली. तो निकाल लेखी आहे, त्यात कारणे दिलेली आहेत, तो कोणालाही वाचता येतो, आणि ओंटारिओत मेहेरचा दावा करणाऱ्या स्त्रीचा वकील आज त्याचा आधार घेऊ शकतो.